पाह्यलं का आयकलं?

(या भागात मी जे बोललो त्याचा हा लिखित मजकूर. "म्हणजे काय ना", "तर मग" वगैरे थोडं कमी केलंय, बाकी बोललो तसंच ठेवलंय. ज्यांना बसमध्ये किंवा ऑफिसात ऐकता येत नाही त्यांच्यासाठी.)



आज पाहुणा कोणी नाही, मी एकटाच बोलणार आहे. आज मला एक चूक दुरुस्त करायचीये. चूक २०२० सालची आहे आणि माझी स्वतःची आहे. पण ती सांगण्याआधी आमच्या सरांबद्दल सांगावं लागेल, नाहीतर तुम्ही म्हणाल, एवढ्याशा गोष्टीसाठी अख्खा भाग कशाला केला.

माझं गाव मेहकर तालुक्यात, जिल्हा बुलढाणा. बीटेक झालं, आता पुण्यात सॉफ्टवेअरमध्ये आहे. पुण्यात कोणी विचारलं "गाव कुठलं?" आणि मी "बुलढाणा" म्हटलं, की समोरचा म्हणतो, "अच्छा, शेगाव!" शेगाव आमचंच आहे, पण ते घाटाखाली, आम्ही घाटावरचे. आमच्या जिल्ह्याचे हे दोन भाग लहान पोरालाही माहीत असतात. बुलढाणा, चिखली, मेहकर, लोणार, सिंदखेडराजा घाटावर. मलकापूर, नांदुरा, खामगाव, शेगाव, जळगाव जामोद घाटाखाली.

सर आम्हाला चित्रकला शिकवायचे. नाव नाही सांगत, त्यांना आवडणार नाही. वर्गात शुद्ध बोलायचे, वर्गाबाहेर वऱ्हाडी. आता सत्तरीला आलेत.

०२:१० – गुलाबी पाणी

जून २०२०. लॉकडाऊनमुळे मी गावी. घरात रेंज नाही म्हणून गच्चीवर पत्र्याखाली बसून वर्क फ्रॉम होम. त्या आठवड्यात लोणारच्या तलावाचं पाणी गुलाबी झालं. तुम्हाला आठवत असेल, देशभर ते फोटो फिरत होते. मला एका ग्रुपवर एक मेसेज आला. गडद गुलाबी फोटो, आणि खाली लिहिलेलं, की एका परदेशी अंतराळ संस्थेने जाहीर केलंय, उल्केतून किरणं निघतायत, म्हणून पाण्याचा रंग बदलला. मी तो फोटो स्टेटसला टाकला. वर लिहिलं, "आमचं लोणार! जगात असं पहिल्यांदाच!"

दहा मिनिटांत सरांचा फोन.

"पाह्यलं का आयकलं?"

मला आधी कळलंच नाही. म्हटलं, "काय सर?"

"तलाव गुलाबी झाला म्हणते ना तू. पाह्यलं का आयकलं?"

"आयकलं सर. ग्रुपवर आलं होतं."

"मंग तसं लिव्ह ना, का ग्रुपवर आलं. लोणार तुह्या घरून किती दूर हाय?"

"वीस-बावीस किलोमीटर."

"अर्ध्या तासावर तलाव, अन् तू फोनमधी पाहून राह्यला."

मी स्टेटस गुपचूप डिलीट केलं. तोपर्यंत चाळीसेक जणांनी पाहिलं होतं, आणि दोन-तीन जणांनी माझ्याकडूनच घेऊन पुढे टाकलं होतं. त्यांना मी काहीच कळवलं नाही. ही ती चूक. ती इथेच ठेवा, शेवटी परत येतो.

०४:३० – तीन रकाने

तालुक्याबाहेर जायची मोकळीक मिळाल्यावर सर स्वतःच म्हणाले, चाल. माझी गाडी, मागे सर, त्यांच्या खांद्याला शबनम पिशवी. लोणारला काठावर उभे राहिलो. ज्यांनी पाहिलं नाही त्यांच्यासाठी सांगतो. सपाट माळ चालत जाता जाता एकदम संपतो आणि समोर जवळपास पावणेदोन-दोन किलोमीटर रुंदीची गोल वाटी उघडते. काठापासून तळ सव्वाशे-दीडशे मीटर खाली, उतारावर जंगल आणि मधोमध तलाव.

मी मोबाइल काढला. सरांनी वही काढली.

ती वही मी पहिल्यांदा नीट पाहिली ती त्या दिवशी. मोठी, जाड पुठ्ठ्याची, किराणा दुकानात हिशेबाला असते तशी. पानावर हाताने आखलेले तीन रकाने. पहिल्यावर लिहिलेलं "पाहिलं". दुसऱ्यावर "ऐकलं". तिसऱ्यावर "वाचलं". समासात तारीख, वेळ, ऊन का ढग, आणि कशाने आलो: एसटी, गाडी, पायी.

सरांनी "पाहिलं"मध्ये लिहिलं: "कडेला विटकरी. मध्ये फिकट, थोडा मातकट. गुलाबी म्हणता येईल का? सकाळी दहा, पातळ ढग." बस. मग काठावर चित्र काढत बसले.

परत येताना चहा घेतला. टपरीवर जो तो आपापलं कारण सांगत होता. कोणी म्हणालं देवीचा कोप, कोणी म्हणालं शेवाळ, कोणी म्हणालं लॉकडाऊनमुळे हवा शुद्ध झाली म्हणून. सरांनी सगळं "ऐकलं"मध्ये उतरवलं. हसले नाहीत, वादही घातला नाही. तिसरा रकाना रिकामा सोडला.

तो पुढे भरला, पुण्याच्या आघारकर संशोधन संस्थेचा निष्कर्ष पेपरात आला तेव्हा. खाऱ्या पाण्यात जगणारे हॅलोआर्किया नावाचे सूक्ष्मजीव असतात, त्यांच्यात गुलाबी रंगद्रव्य असतं. पाऊस नव्हता, पाणी आटलेलं, खारटपणा वाढलेला, त्यामुळे ते वाढले. पाण्याचा नमुना स्थिर ठेवला तर ते तळाशी बसत आणि वरचं पाणी नितळ होई. म्हणजे पाणी मुळात गुलाबी झालंच नव्हतं, त्यात राहणाऱ्यांचा रंग तो. त्याच वर्षी नोव्हेंबरात लोणार रामसर यादीत आल्याचं जाहीर झालं, म्हणजे जगातल्या महत्त्वाच्या पाणथळ जागांच्या यादीत. महाराष्ट्रातलं दुसरं, नांदूर मध्यमेश्वरनंतर. तेही तिसऱ्या रकान्यात, तारखेसह.

मी दिवसभर डेटाबेसमध्ये काम करणारा माणूस. माहिती कुठून आली हे माहितीसोबतच साठवायचं असतं, हे मला नोकरीत शिकवलं. सर ते निवृत्त झाल्यापासून हाताने करत होते.

०८:०० – लोणारची पानं

त्यानंतर मी सुट्टीत गावी गेलो की सरांसोबत फिरायला लागलो. लोणारच किती वेळा पाहिलं असेल.

लोणारच्या एका जुन्या पानावर तिसऱ्या रकान्यात लिहिलंय: "वय सुमारे ५२ हजार वर्षे." त्याच्या खाली, वेगळ्या शाईत, वेगळी तारीख टाकून: "नवीन पद्धतीने मोजल्यावर सुमारे ५ लाख ७० हजार वर्षे." पहिली ओळ खोडलेली नाही. मी विचारलं, सर, जुनं खोडलं का नाही? म्हणाले, "त्या दिवशी मी तेच वाचलं होतं ना. खोडलं तर ते खोटं होईन." कधीतरी तुम्हीही गुगल करून पाहा, दोन्ही आकडे सापडतील. आता निदान दोन का आहेत ते कळेल. मोजायच्या पद्धती दोन आहेत.

१८२३ मध्ये अलेक्झांडर नावाच्या इंग्रज अधिकाऱ्याने या विवराची नोंद केली. हे ज्वालामुखीचं तोंड, का उल्का पडून झालेला खड्डा, यावर नंतर कितीतरी वर्षं वाद होता. १९७३ मध्ये खडकातल्या पुराव्यावरून उल्केची बाजू पक्की झाली. प्रचंड दाबाने काचेसारखं झालेलं खनिज तिथे मिळालं. आणि हा खड्डा बेसाल्टमध्ये, म्हणजे आपल्या काळ्या पाषाणात आहे. चंद्रावरचे कितीतरी खड्डे तशाच खडकातले, म्हणून जगभरच्या शास्त्रज्ञांना लोणारचं कौतुक.

आणि दुसऱ्या रकान्यात? लोणासुराची गोष्ट. इथे लवणासुर राहायचा, विष्णूने त्याला मारलं. म्हणून गावात दैत्यसूदनाचं मंदिर. त्या मंदिराच्या बाहेरून मी चाळीस फोटो काढले. बाहेर आलो तर सरांनी विचारलं, "दक्षिणेकडच्या भिंतीला कोपरे किती?" मला सांगता येईना. ती भिंत सरळ नाहीये, कोनाकोनाने मोडत मोडत फिरते, वरून पाहिलं तर चांदणीसारखी. सर तिथे दीड तास बसून एक कोपरा, मग पुढचा कोपरा, असं काढत होते. मला म्हणाले, फोटो काढ, पण आधी मोज.

गावाजवळच्या मोठ्या मारुतीचीही एक नोंद आहे. आडवा, झोपलेला मारुती. लोक म्हणतात त्या दगडात चुंबक आहे. मी उत्साहाने मोबाइलमधलं होकायंत्र काढलं, सुई गर्रकन फिरली. मी म्हटलं, "पाहा सर!" सरांनी "पाहिलं"मध्ये लिहिलं: "होकायंत्र हललं. मुलाच्या हातात गाडीच्या किल्ल्या होत्या."

१२:४० – दोन समुद्र

सरांच्या पहिल्या वहीचं पहिलं पान म्हणजे जिल्ह्याचा नकाशा. त्यावर गावं नाहीत, फक्त पाणी.

पेनगंगा बुलढाण्याजवळ, अजिंठ्याच्या डोंगररांगेत उगम पावते. आमच्या मेहकरवरून जाते, पुढे वर्धेला, मग प्राणहिता होऊन गोदावरीला, आणि शेवटी बंगालच्या उपसागराला. पण त्याच डोंगराच्या उत्तरेच्या उतारावरचं पाणी नळगंगा, विश्वगंगा, ज्ञानगंगा अशा नद्यांनी घाटाखाली उतरतं, पूर्णेला मिळतं, पूर्णा तापीला, आणि तापी अरबी समुद्राला. म्हणजे घाटाच्या माथ्यावर दोन थेंब शेजारी शेजारी पडले, तर एक पूर्वेच्या समुद्राला जाईल, एक पश्चिमेच्या.

मी घाटावर वाढलो. घाटाखाली लग्नाला गेलो की ऊन किती लागतं यावर आम्ही विनोद करायचो. पण घाट म्हणजे पाणी वाटून देणारा बांध आहे, हे मला पंचविशीत कळलं, तेही हाताने काढलेल्या नकाशावरून.

१५:०० – कंचनीचा महाल

आता मेहकर. मेहकरात उंचावर एक पडका महाल आहे, कंचनीचा महाल. त्याची गोष्ट आमच्याकडे सगळ्यांना माहीत आहे. कंचनी नावाची नर्तकी होती, तिने लोणारच्या कमळजादेवीचा दिवा दिसावा म्हणून हा उंच महाल बांधायला घेतला, देवी कोपली, आणि महाल अर्धा राहिला. कोणी थोडी वेगळी सांगतात.

मी इंजिनिअर ना. फोनवर उंची पाहिली, अंतर पाहिलं, आणि सरांना म्हटलं, "सर, हे शक्यच नाही. कमळजेचं देऊळ विवराच्या आत आहे, तलावाच्या काठाला. मध्ये विवराचा काठ येतो. महाल कितीही उंच बांधा, दिवा दिसणार नाही."

सर म्हणाले, "बरोबर. मंग?"

"मग गोष्ट खोटी."

"गोष्ट कोन्त्या रकान्यात हाय?"

"ऐकलं."

"मंग ती जागेवरच हाय की."

मला वाटलं सर टाळतायत. नंतर ते म्हणाले, मेहकरच्या माणसाला लोणारचा दिवा इथून दिसावा असं वाटलं, हे त्या गोष्टीतून कळतं. तेवढं तरी कळतं. आणि मग त्यांनी ना. घ. देशपांड्यांचा विषय काढला. ना. घ. म्हणजे "शीळ"वाले कवी, जन्म १९०९, आमच्याच जिल्ह्यातल्या शेंदुर्जनचे. मेहकरात वकिली केली. "खूणगाठी"साठी त्यांना साहित्य अकादमी पुरस्कार मिळाला. त्यांच्या एका कवितासंग्रहाचं नावच "कंचनीचा महाल". सर म्हणाले, "दुसरा रकाना कचऱ्याचा डब्बा नाही. त्यातलं पह्यल्यात सरकवू नोको, एवढंच."

दोन वर्षं मी हे रकाने म्हणजे खऱ्या-खोट्याची चाळणी समजत होतो. तसं नव्हतं. प्रत्येक गोष्टीला तिची जागा द्यायची होती.

१८:१० – सिंदखेडराजा

जून २०२४. मी पुण्यात. फोनवर बातमी आली: सिंदखेडराजात लखुजी जाधवांच्या समाधीच्या डागडुजीचं काम चालू असताना पुरातत्त्व खात्याला जमिनीत शेषशायी विष्णूची मोठी मूर्ती सापडली.

लखुजी जाधव म्हणजे जिजाऊंचे वडील. १६२९ मध्ये निजामशाहीत दौलताबादच्या किल्ल्यात त्यांना दगा करून मारलं, मुलं आणि नातवासकट. त्यांची समाधी सिंदखेडराजात आहे, दगडी, घुमटाची, भव्य. तिथे आधी एका जुन्या शिवमंदिराचे अवशेष मिळाले, आणि मग सव्वादोन मीटर खोलीवर ही मूर्ती. १.७० मीटर लांब, एक मीटर उंच. शेषावर पहुडलेला विष्णू, पायाशी लक्ष्मी, खाली समुद्रमंथनाचं शिल्प. आणि दगड आपल्याकडचा बेसाल्ट नाही, क्लोराइट शिस्ट आहे, मऊ, बारीक कोरता येणारा.

हे सगळं मी कोणत्या रकान्यातलं सांगितलं? तिसऱ्या. मी ती खोदताना पाहिली नाही.

सर मात्र दुसऱ्याच दिवशी एसटीने गेले. त्या तारखेची नोंद अशी आहे: "बरीच गर्दी. जवळ जाऊ दिलं नाही, योग्यच आहे. पंचवीसेक पावलांवरून: दोर, ताडपत्री, ब्रश घेतलेली माणसं, ओली माती. मूर्तीची फक्त एक कड दिसली." आणि खाली एका रेघेचं चित्र. एवढीच कड. तेव्हा सगळ्यांच्या फोनवर पूर्ण मूर्तीचा स्वच्छ फोटो होता. सरांच्याही होता. तरी त्यांनी कडच काढली.

त्याच वहीत पुढे साखरखेर्डा आहे. शाळेत असताना मामाच्या गावाला जाताना आमची एसटी साखरखेर्ड्याला थांबायची, मी तिथे समोसे खाल्लेत. ११ ऑक्टोबर १७२४ ला तिथे लढाई झाली. निजाम-उल-मुल्कने मुबारिज खानाला हरवलं, आणि त्यातून पुढे हैदराबादचं निजामाचं राज्य उभं राहिलं, जे १९४८ पर्यंत टिकलं. सव्वादोनशे वर्षांच्या राज्याचा पाया जिथे पडला तिथे आपण समोसे खाल्ले. वहीतल्या "पाहिलं"मध्ये सरांनी लिहिलंय: "शेतं. तूर. लढाईची खूण दिसली नाही."

२२:०० – वाघ

आता मुख्य गोष्ट.

गेल्या वर्षी सरांना काचबिंदू असल्याचं कळलं. उशिरा कळलं. गेलेली नजर परत येत नाही, आहे ती टिकवायची, एवढंच. आता त्यांना स्वतःचं अक्षर वाचता येत नाही. म्हणून मी ठरवलं, सगळ्या वह्या स्कॅन करायच्या, नोंदी टाइप करायच्या, शोधता येतील अशा ठेवायच्या. एकूण एकोणतीस वह्या.

मी उत्साहात मोबाइलवरचं स्कॅनचं अॅप लावलं आणि दोन दिवसांत तीन वह्या केल्या. रविवारी फोनवर सरांना वाचून दाखवायला बसलो. "कमळजेच्या देवळापासून पाण्यापर्यंत..." सर मध्येच म्हणाले, "तारीख सांग." तारीख नव्हती. अॅपने पानाच्या कडा आपोआप कापल्या होत्या, सगळे समास गेले होते. तारीख, वेळ, ऊन, ढग, सगळं. देवळापासून तलावाचं पाणी किती पावलांवर, हे सर दर फेरीला मोजायचे. तारखेशिवाय त्या पावलांचा काय उपयोग? तीनही वह्या परत स्कॅन केल्या. अॅपला काय बोलणार, मी एकदाही पान मोठं करून पाहिलं नव्हतं.

असं करत जानेवारी २०२० ची वही आली.

त्याआधीचं थोडं सांगतो. डिसेंबर २०१९ मध्ये बुलढाण्याजवळच्या ज्ञानगंगा अभयारण्यात एक वाघ आला. यवतमाळच्या टिपेश्वरचा. त्याच्या गळ्यात पट्टा होता, त्यावरून त्याचा माग कळत होता. जूनमध्ये निघाला, तेलंगणात जाऊन आला, शेतं, ओढे, रस्ते ओलांडत तेराशे किलोमीटर चालून ज्ञानगंगेत पोचला. एप्रिल २०२० मध्ये पट्टा काढला तोपर्यंत नोंदवलेली चाल तीन हजार किलोमीटरच्या वर गेली होती. सुमारे २०५ चौरस किलोमीटरचं अभयारण्य, बिबटे, अस्वलं, नीलगायी, आणि वाघ हा एकटाच. आमच्या जिल्ह्यात तेव्हा दुसरा विषय नव्हता. जो तो म्हणायचा, मी पाहिला.

वहीत १९ जानेवारीची नोंद. बोथ्याचा रस्ता, संध्याकाळ, धुकं, भाच्याच्या गाडीवर मागे. "पाहिलं"मध्ये लिहिलेलं: "रस्ता ओलांडताना. पट्टे दिसले." आणि ते खोडलेलं. माझ्या माहितीत एकोणतीस वह्यांमधली ही एकच खोडलेली ओळ. बाजूला तीन रकान्यांच्या शेजारी, समासात दाटीवाटीने, एक चौथा रकाना आखलेला. त्यावर लिहिलंय "वाटलं". त्यात एकच नोंद: "पट्टे." तारीख २२ जानेवारी.

माझ्या डेटाबेसमध्ये तीनच रकाने होते. ही नोंद कुठे टाकावी कळेना. मी फोन केला.

सर बराच वेळ गप्प होते. मग म्हणाले, "सापडलं तुले ते."

मग त्यांनी सांगितलं. धुक्यात काहीतरी मोठं रस्ता ओलांडून गेलं. भाचा गाडी चालवत होता, त्याचं लक्ष नव्हतं. घरी येऊन काकूंना सांगितलं, वाघ पाह्यला. सकाळपर्यंत कॉलनीत झालं. पोरं यायला लागली, सर, सांगा ना, केवढा होता. एकाने मोबाइलवर त्यांची मुलाखतही घेतली. "तीन दिवस," सर म्हणाले, "मी वाघ पाह्यलेला मानूस होतो. लय बरं वाटलं, खोटं कायले बोलू."

"मग खोडलं का सर?"

"चित्र काढाले बसलो. शेपूट कशी होती, आठवेना. तोंड कोन्या बाजूनं, आठवेना. जे पाह्यलं ते मले काढता येते. हे येईना."

नीलगाय असू शकते. रानडुक्करही असेल, किंवा वाघच. सरांना माहीत नाही. चौथ्या दिवशी ते कोपऱ्यावरच्या चहाच्या दुकानात गेले आणि सगळ्यांसमोर सांगितलं, की मी वाघ पाहिला नाही, मला वाटलं. लोक हसले. मुलाखत घेणारा मुलगा चिडला, त्याचा व्हिडिओ गावभर गेला होता. काकू म्हणाल्या, गप राहिले असते तर काय बिघडलं असतं.

मंडळी, हे जानेवारी २०२० चं. आणि माझं स्टेटस जून २०२० चं. म्हणजे मला "पाह्यलं का आयकलं?" विचारणाऱ्या माणसाला पाचच महिन्यांपूर्वी तो प्रश्न स्वतःला विचारावा लागला होता. मला वाटलं होतं सर मला रागावतायत.

२८:३० – दिसतंय काय ते सांग

या दिवाळीत आम्ही परत लोणारला गेलो. सर काठावरच्या दगडावर बसले. वही माझ्या हातात. तारीख, वेळ, ढग लिहून झालं. सर म्हणाले, "सांग."

मी म्हटलं, "सुंदर दिसतंय सर."

"सुंदर वाटते तुले. दिसते काय ते सांग."

मी परत पाहिलं. खरंच पाहिलं. पाण्याच्या कडेला पांढरट पट्टा, त्याच्या आत हिरवट, मग करडं. डावीकडे झाडीच्या वर दोन घारी, की तीन. मी थांबलो, मोजल्या. तीन. सर ऐकत होते, हाताने हवेत रेघ काढत होते. "देवळाकून पाणी किती पावलं?" म्हटलं, खाली उतरलो नाही सर. "मंग रिकामं सोड."

रिकामं सोडलं.

आता माझ्या चुकीकडे. जून २०२० मध्ये ज्यांनी माझं स्टेटस पाहिलं, ज्यांनी ते पुढे टाकलं, त्यांच्यापैकी काही जण हा पॉडकास्ट ऐकतात, मला माहीत आहे. तर ऐका. त्या दिवशी मी तलाव पाहिला नव्हता. कोणत्याही अंतराळ संस्थेने असं काही म्हटल्याचं मी वाचलंही नव्हतं. ते मी ऐकलं होतं, आणि पाहिल्यासारखं सांगितलं. रंग सूक्ष्मजीवांचा होता. ज्यांनी माझ्याकडून घेऊन पुढे पाठवलं, त्यांना जमलं तर हेही पुढे पाठवा. हसाल, हसा. चहाच्या दुकानात उभं राहून सांगण्यापेक्षा हे सोपंच आहे.

तुमच्या गावातही असे एखादे सर, एखाद्या बाई, एखादे पोस्टमन काका असतील. गावातल्या वडाचं वय, बारवेच्या पायऱ्या, कोणत्या साली पूर कुठपर्यंत आला, हे लिहून ठेवणारे. सुट्टीत गेलात तर त्यांच्याकडे जा. वही मागा, पण स्कॅन करताना समास कापू नका. आणि कोणी नसेल, तर साधी वही घ्या, रेघा मारा. पाहिलं, ऐकलं, वाचलं. चौथा रकानाही आधीच आखून ठेवा, मला उशिरा कळलं. तारीख विसरू नका.

वह्यांचं काम अजून चालू आहे. अकरा झाल्या, अठरा बाकी. दर रविवारी रात्री नऊला सरांना फोन असतो, मी वाचतो, ते दुरुस्त करतात. हा भागही मी त्यांना आधी ऐकवला. सगळं ऐकून एवढंच म्हणाले, "समोसे साखरखेर्ड्याले नाही, चिखलीले खाल्ले होते तू. मीच होतो संगं, सहल होती."

असेल. मला साखरखेर्डं वाटलं.

भेटू पुढच्या भागात. काळजी घ्या.